दादाची गिटार आणि माझी घासणी

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त एक जंगल आहे. कावळा निघाला तर बघता बघता माझ्या दादाच्या गच्चीत उतरेल. माणसाला मात्र जंगलाला वळसा घालून जावं लागतं, कारण मधे बिबटे राहतात आणि त्यांच्या घरातून वाट मागणार कोण. मला तर या वळणाला सहा दिवस लागले. वाटेत अंधेरी आणि विक्रोळी करावी लागली. आमच्या सोसायटीतल्या बायका युरोप करून येतात आणि महिनाभर फोटो दाखवतात. माझ्याकडे दाखवण्यासारखा एकही फोटो नाही, म्हणून लिहून काढते आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरी सांभाळून तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपती आले की दहिसरपासून चेंबूरपर्यंतचे मांडव त्याला पाठ. दोन वर्षांपूर्वी त्याची बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात पलंग लावल्यावर माणसांनाच जागा उरेना, म्हणून गिटार माझ्याकडे मुलुंडला आली. सोबत सूचना एकच होती, "नंदे, तिला हात लावू नको."

मी लावला, तो खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. ह्यांची पक्कड, माझी कात्री, विळी, मिक्सर, सगळे पाटावर बसतात. गिटार म्हणजे दादाचं हत्यारच, तेव्हा तिलाही बाहेर काढली. बघते तर तारा गंजलेल्या. देवापुढे गंजकी वस्तू ठेवायची कशी? मी भांडी घासायची तारेची घासणी घेतली आणि तारा, त्यांच्याखालच्या पट्ट्या, जे जे धातूचं दिसेल ते सगळं घासून लख्ख केलं. मग फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. गिटार अशी काही सजली की मीच माझ्यावर खूश झाले. दोन दिवसांनी तशीच पुसून पिशवीत घातली.

आठवड्याभराने, सोमवारी, दादाचा फोन आला. नवीन घराचा ताबा मिळाला, रविवारी वास्तुशांत. "जेवणं झाली की मी वाजवणार. दोन वर्षं हात शिवशिवतायत माझे. आणायच्या आधी एकदा बॉक्सला लावून बघ गो, आवाज येता काय."

बॉक्स म्हणजे त्याचा अँप्लिफायर. तोही माझ्याकडेच होता. वायर लावली, तार छेडली. गिटारवरचं बटण मानेच्या बाजूला केलं तर आवाज आला. दुसऱ्या बाजूला केलं तर फक्त खर्रर्र. आणि दादा कायम त्या दुसऱ्या बाजूवरच वाजवायचा. चष्मा लावून तारांखाली डोकावले. तिथल्या लांबट पट्टीला बारीक बारीक गंजक्या केसांची दाढी फुटली होती आणि दाढीत कुंकू बसलं होतं.

शेजारच्या सुलूला बोलावलं. सुलू आणि मी एकाच वर्षी लग्न करून या मजल्यावर आलो, तेव्हापासून एकमेकींची पापं आम्हीच झाकतो. तिने पाहिलं आणि म्हणाली, "वाट लागली गं."

अंधेरी, मंगळवार

ओळखीतल्या एका वादकाने अंधेरी पूर्वेचा पत्ता दिला. घाटकोपरपर्यंत रिक्षा केली. तिथे सुलूने खाऊगल्लीत थांबण्याचा हट्ट धरला, कारण "संकटात पोट भरलेलं असावं." तिने मागवलेल्या डोशात चीज, नूडल्स आणि अननस होता. मुलुंडला आम्ही डोसा चटणीशी खातो आणि सांबाराला नावं ठेवतो. इथे डोशाच्या आत अख्खं लग्नाचं जेवण असतं. सुलूने तो संपवला आणि वर म्हणाली की अननस थोडा कमी हवा होता.

मेट्रोच्या दारात सामान तपासणाऱ्या मशीनमधून गिटार गेली. तपासणारी बाई कौतुकाने म्हणाली, "मावशी, वाजवता?"

"ही नाही वाजवत," सुलू म्हणाली. "ही धुते."

अंधेरीचा गाळा दुसऱ्या मजल्यावर होता. खाली प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं बनतात आणि वर गिटारी दुरुस्त होतात. दुरुस्त करणारी प्राची नावाची मुलगी असेल तिशीची. दंडावर गोंदवलेलं गलबत आणि हातात सोल्डरिंगची बंदूक. तिने पट्टीचे स्क्रू काढले, ती उलटी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकू, हे काय केलंत?"

"पूजा."

"आणि त्याआधी?"

मी घासणीचं सांगितलं. ती डोक्याला हात लावून स्टुलावर बसली. मग तिने आम्हाला चहा मागवला. त्यांच्याकडे कटिंग नव्हता, फेसाचा होता, मोठ्या मगात. एवढा चहा मी मुलुंडला दिवसभरात पिते.

त्या पट्टीला पिकअप म्हणतात. मी समजत होते की तो गिटारचा कान. प्राची म्हणाली, कान वगैरे काही नाही, त्याला ऐकूच येत नाही. आत लोहचुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाची सत्ता डचमळते आणि त्या डचमळण्याने वेढ्यांतून वीज झुळझुळायला लागते. ती वीज बॉक्समध्ये जाऊन आवाज होते.

"म्हणजे हिने समोर भजन म्हटलं तर?" सुलूने विचारलं.

"त्याला कळणार नाही. त्याच्या समोर लोखंड हलायला हवं."

सुलूचा अशा गोष्टींवर विश्वास बसत नाही. ती मानेकडच्या चांगल्या, तिथल्या बॉक्सला जोडलेल्या पिकअपवर वाकून बघायला गेली. तिच्या बांगडीला नेहमीप्रमाणे सात-आठ सेफ्टी पिना लटकलेल्या होत्या. त्यातल्या चार पिकअपने ओढून घेतल्या आणि बॉक्समधून असा दणका आला की खालच्या झाकणवाल्याने वर हाक मारली. सुलूने घाबरून हात मागे घेतला, पिना टणाटण सुटल्या आणि प्रत्येक पिनेचा वेगळा आवाज निघाला. प्राची इतकी हसली की तिचा चहा सांडला.

"कळलं ना? आता घासणीचं बघा. तिचे तंतू लोखंडाचे. चुंबकाने सगळे ओढून घेतले. वरून पाणी. ते गंजले आणि आतली तांब्याची तार खाऊन टाकली. कुठेतरी एका जागी तुटली असेल, पण हजारो वेढ्यांत ती जागा कुठे शोधणार?"

मग तिने मला दोन्ही बाजूंचा फरक दाखवला, दुसऱ्या एका धडधाकट गिटारवर. तार तीच, बोट तेच. मानेकडे तार मोकळी झुलते म्हणून तिथल्या पिकअपचा आवाज गोल येतो. तार जिथे बांधलेली असते त्या घोडीजवळ ती जेमतेम हलते, म्हणून तिथला आवाज टोकदार. एकाच माणसाने आधी तोंडात लाडू धरून बोलावं आणि मग लाडू गिळून बोलावं, तसं मला वाटलं. तिच्याकडे जोडीचे पिकअपही होते. एकच गुंडाळी असली की ती आजूबाजूच्या ट्यूबलाइटचीही गुणगुण पकडते. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या की तारेचा आवाज उरतो आणि गुणगुण एकमेकींत मिटून जाते. सासूसुनांना उलटसुलट जोडायची सोय असती तर, असं सुलू म्हणाली आणि तिने सुस्कारा सोडला.

"तयार पिकअप आहे माझ्याकडे," प्राची म्हणाली. "अर्ध्या तासात लावते. मस्त वाजेल."

तिने तात्पुरता लावलाही. तार छेडली. स्वच्छ, चकचकीत आवाज आला.

"झकास!" सुलू म्हणाली. "चल घरी. दादाला काय कळतंय."

मीही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. रविवारची भीती होतीच, पाय दुखत होते, आणि घरी कपडे वाळत होते. पण तोंडातून निघालं, "हा दादाचा नाही."

"मग त्यांचा कसा होता?" प्राचीने विचारलं.

"असा नव्हता," मी म्हटलं. याहून जास्त मला सांगता येईना.

प्राचीने नवा पिकअप काढून ठेवला. जुना माझ्या हातात देऊन म्हणाली, "मग हाच पुन्हा गुंडाळावा लागेल. विक्रोळीला तावडे काका आहेत. विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचे कंपनीत. ते करतील, पण त्यांचा एक नियम आहे. तो ते स्वतःच सांगतील."

विक्रोळी, गुरुवार

बुधवारी तावड्यांना संकष्टीचा उपास होता आणि उपाशीपोटी बारीक तार धरली तर हात थरथरतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. म्हणून गुरुवारी गेलो. जुन्या चाळीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीतून कारखान्याच्या आवारातली झाडी दिसते आणि वारा फिरला की खाडीचा वास येतो. मुलुंडला खिडकीतून समोरच्यांचा एसी दिसतो.

तावडे काका सत्तरीचे, राजापूरकडचे. गुंडाळायचं यंत्र म्हणजे त्यांच्या बायकोची शिलाई मशीन. तिचं चाक काढून तिथे त्यांनी पिकअप बसवायची लाकडी चकती लावली होती आणि वेढे मोजायला कॅलक्युलेटर जोडला होता. चाक एकदा फिरलं की आकडा एकाने वाढायचा.

"चार ब्लाउज अडलेत माझे," तावडेवहिनी आतून म्हणाल्या. "ह्यांना निवृत्त केलं कंपनीने, कामाला लागली माझी मशीन."

काकांनी पिकअपची जुनी तार कापून काढली, चुंबक ब्रशने साफ केले आणि हात बांधून बसले.

"सांगा."

"काय सांगू?"

"आवाज. हाच माझा नियम. वेढे कमी घातले तर आवाज पातळ नि खणखणीत. जास्त घातले तर मोठा नि जाड. मीटर मला आकडा सांगतो, आवाज नाय सांगत. तो गिऱ्हाइकाने सांगायचा. त्याशिवाय मी चाकाला हात लावत नाही."

"माझ्या भावाची गिटार आहे. त्याला माहीत."

"मग त्यांना घेऊन या."

"ते जमणार नाही," सुलू घाईने म्हणाली. "त्यांना कळता कामा नये."

"मग तुम्हीच सांगा," काका मला म्हणाले. मग मी जे आठवेल ते सांगत गेले. आमची दहिसरची खोली. बाबांनी मधे प्लायवूडचं पार्टिशन टाकलेलं. पलीकडे दादा, अलीकडे मी आणि माझं दहावीचं गणित. ऑर्केस्ट्राची तालीम म्हणून तो रोज संध्याकाळी याच गिटारवर एकच ओळ घोटायचा, आणि मी इतक्या वेळा पार्टिशनवर फूटपट्टी आपटली की प्लायवूडला खळगा पडला होता.

"कुठली ओळ?"

"टँव टँव टिडिटिडि टँऽव," मी म्हटलं.

सुलू फसकन हसली. काका हसले नाहीत. "पुन्हा म्हणा. शेवटचा टँव नीट."

विक्रोळीच्या त्या खोलीत, एका अनोळखी माणसासमोर, मी आजी झालेली बाई, चार वेळा गिटार झाले. दारात शेजारची दोन माणसं येऊन उभी राहिली. त्यातला एक जाताना म्हणाला, "तब्येत सांभाळा त्यांची."

मग काकांनी मशीन सुरू केली. तार इतकी बारीक की दिसायचीच नाही. काकांची दोन बोटं हवेत काहीतरी धरून डावीकडून उजवीकडे सरकताना तेवढी दिसत होती. आम्ही श्वास रोखून बसलो. कॅलक्युलेटरवर तीन हजार झाले आणि सुलूला शिंक आली. तार तुटली.  काकांनी फक्त स्वयंपाकघराकडे बोट केलं. सुलू आत गेली आणि वहिनींनी तिच्यापुढे घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. हद्दपारीत इतकं चांगलं जेवण मिळालेली ती एकटीच असेल.

दुसऱ्यांदा सात हजार वेढे झाले. काकांनी तार न तोडता पिकअप गिटारवर तारांखाली धरला, छोट्या बॉक्सला जोडला आणि छेडलं.

"पातळ आहे," मी म्हटलं.

पुन्हा चाक फिरलं. आठ हजार झाले.

"अजून पातळ."

"ताई, घोडीकडचा आहे हा. याला एवढा जाड कोणी करत नाही."

"आमच्या दादाचा जाडच होता. मला रोज ऐकावा लागायचा."

काकांनी खांदे उडवले आणि आणखी वेढे घातले. नऊ हजारांच्या जरा आत थांबले. छेडलं. तोच होता. दहिसरची खोली, आईने लावलेली उदबत्ती, स्टोव्हचा आवाज, न सुटलेलं गणित, सगळं त्या एका तारेबरोबर समोर आलं. मला भरून आलं आणि त्याचा रागही आला, कारण या आवाजाला मी जन्मभर कटकट म्हणत आले होते आणि तो मला एवढा पाठ होता.

शेवटी काकांनी अॅल्युमिनियमच्या वाडग्यात मेण वितळवलं आणि पिकअप त्यात बुडवला. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत धरून ठेवला. मेण आत मुरलं नाही तर वेढे सैल राहतात, मोठ्या आवाजात थरथरतात आणि बॉक्स शिट्ट्या मारायला लागतो. "गुंडाळणं निम्मं काम," काका म्हणाले, "गप्प बसवणं निम्मं." आतून वहिनी म्हणाल्या की मेण मशीनवर सांडलं तर बघा. तोवर सुलूने घावण्यांची कृती लिहून घेतली होती.

बोरिवली, रविवार

शुक्रवारी प्राचीने पिकअप गिटारमध्ये बसवून दिला. रविवारी ठाण्यावरून जंगलाला वळसा घालून, टॅक्सीच्या मागच्या सीटवर गिटार आणि पुढे बॉक्स घेऊन, आम्ही निघालो. सुलूने वाटेत माझ्याकडून शपथ घेतली. एक अक्षर बोलायचं नाही. दादाने विचारलं तर भुवया उंचावायच्या आणि "नाही बाई" म्हणायचं. मी टॅक्सीत दोनदा सराव केला.

नवीन घर अकराव्या मजल्यावर. बाल्कनीतून तेच जंगल दिसतं, फक्त आमच्या उलट्या बाजूने. होम झाला, पंगत उठली. जेवणात वडे-सागोतीऐवजी शाकाहारी बेत होता, त्यामुळे आमचे कोकणातले पाहुणे जरा उदास होते. दादाने पांढरा झब्बा बदलून ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला चौकटीचा शर्ट घातला. पोटावरची दोन बटणं लागली नाहीत. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला. दोन वर्षं तो या दुपारची वाट बघत होता.

आधी त्याने मानेकडचा पिकअप लावला. लोक खूश झाले. मग बटण दुसऱ्या बाजूला केलं आणि तीच ओळ वाजवली.

मधेच थांबला. पुन्हा वाजवली. कान गिटारच्या जवळ नेला.

"नंदे."

"काय?"

"ह्येका हात कोणी लावलो?" दादाच्या मनात काही हललं की तो मालवणीत शिरतो.

सुलूने मला चिमटा काढला. मी भुवया उंचावल्या. "नाही बाई" म्हणायला गेले, पण दादाचा चेहरा बघितला. मग मी सगळं सांगितलं, तीस-पस्तीस पाहुण्यांसमोर.

"घासणीने?" दादाने विचारलं.

"हो."

"तारेच्या?"

"हो. पण नवीन होती."

पाहुणे हसून हसून लोळायला लागले. वहिनीने तोंडाला पदर लावला. दादा हसला नाही. त्याने ती ओळ परत वाजवली, या वेळी अगदी सावकाश.

"आवाज माझोच हा," तो म्हणाला. "पण असो मी कधी ऐकूक नाय. त्या तावड्यांना कोणी सांगितलं असा कर म्हणून?"

"मी."

"तुला काय माहीत?"

"मला म्हणता येतो." आणि मी म्हणून दाखवला, शेवटच्या टँवसकट.

दादाने गिटार मांडीवर आडवी ठेवली. 

"तरीच," तो म्हणाला. "माझ्या बाजूला हा खणखणीत यायचा गं. कानाला बोचायचा. पार्टिशनने त्याची धार खाल्ली की पलीकडे असा जाड होऊन जात असणार. तू पलीकडचा आवाज बनवून आणलास." मग म्हणाला, "पण तू तर कानात कापसाचे बोळे घालून बसायचीस. आई सांगायची."

"घालायचे," मी म्हटलं. "तू ही ओळ घेतलीस की काढायचे."

  मग मी घाईने म्हटलं, "तावडे हजारेक वेढे काढून देतील. तुझा होता तसा होईल."

"नको," दादा म्हणाला. "माझ्या बाजूने खूप वर्षं ऐकला. आता तुझ्या बाजूने ऐकतो."

आणि त्याने ओळ पहिल्यापासून घेतली.